शामकुवर बाबूंचं मत

आमच्या ऑफिसात चहात आलं टाकायचं की वेलची, यावरसुद्धा गुप्त मतदान होत असे. त्याचं श्रेय म्हणा की दोष, सगळा शामकुवर बाबूंचा.

ते आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. मूळ भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत होते म्हणून रायपूरला आलेले आणि मग इथलेच झालेले. सावळे, उंच, जरासे वाकलेले. कोणत्याही मीटिंगमध्ये दारापाशी शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि चर्चा सुरू झाली की तोंड खिडकीकडे करायचे. नवख्या माणसाला वाटावं, यांची दाढ दुखते आहे. मी आवक-जावकला होते, माझं टेबल त्यांच्या समोर. पहिल्याच महिन्यात मी न राहवून विचारलं, "बाबूजी, तिकडे काय दिसून राहिलं तुमाले?"

"काई नाई. मले काई दिसू नये म्हनून नाई, कुंदाताई. माह्यं तोंड कोनाले दिसू नये म्हनून."

मी हसले. मला ते नाटकी वाटलं. अनुभवी माणसं असं काहीतरी खूळ पाळतात आणि बाकीच्यांनी त्याला शहाणपण म्हणायचं असतं, एवढंच मी तेव्हा धरलं.

पण ते खूळ नव्हतं. ऑफिसात बाबूजींचा शब्द प्रमाण होता. फाईल अडली, मुलाचं कॉलेज ठरत नाही, मुलगी दाखवायची आहे, सासऱ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, लोक त्यांच्याकडे येत. येत आणि त्यांच्या भुवया वाचत. भुवई वर गेली की आपला निर्णय चुकला, खाली राहिली की बरोबर. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हापासून ते खिडकीकडे पाहू लागले होते. "मानूस इचार नाई करत," ते म्हणायचे, "बाजूवाल्याकडं पाहाते. बाजूवाला त्याच्या बाजूवाल्याकडं. आन मंग समदे म्हन्तेत, आमचं एकमत झालं." आणि दुसरं एक त्यांचं वाक्य होतं, ते मला पटायला फार वर्षं लागली. "सल्ला मागाले येनाऱ्याले सल्ला नाई पाहिजे राहत. त्याले साक्षीदार पाहिजे राहते."

म्हणून त्यांचा नियम होता: आधी कागदावर, मग तोंडाने. कशाबद्दलही प्रश्न निघाला की ते रद्दी नोटशीटच्या पाठकोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे कापून वाटत. प्रत्येकाने आपलं मत त्यावर लिहायचं, घडी करायची, आणि मगच बोलायला सुरुवात. त्यांच्या घरी मी गेले होते एकदा, तेव्हा त्यांची बायको, शामकुवर वहिनी, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय सांगू, कुंदाताई! भाजी कोनती करू इचारलं, त म्हन्ते, पहिले तू लिव्ह. मी वांगे लिवते, हे बी वांगे लिवते. मंग दोघं मिळून वांगे खातो. इतक्यासाठी कागद कापाचा का?"

बाबूजी नुसते हसले. त्यांच्या हसण्यात नेहमी थोडा थकवा असायचा.

या हट्टाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जेवणाच्या डब्यावर वाकून, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगताहेत. त्यांच्या आज्याच्या गावात एका माणसानं म्हटलं होतं, यांच्या लोकांनी विहीर बाटवली. बस, म्हटलं. बाकीच्यांनी मान हलवली. "जाऊन पाहालं कोनी नाई. त्यातले अर्धे लोक चांगले व्हते, माह्या आज्याले बलवून भाकर देनारे. पर मान हालली. एकाची हालली म्हनून दुसऱ्याची हालली." डबा बंद करून ते म्हणाले, "जो पहिले बोलते त्याची अर्धी चूक. जो मागून मान हालवते त्याची पुरी."

तेव्हा नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. रायपूर राजधानी झालं होतं आणि प्रत्येक साहेबाला काहीतरी नवं करून दाखवायची घाई होती. आमच्या साहेबांनी मीटिंग बोलावली आणि जाहीर केलं की नवी राजधानी आहे, नव्या सवयी हव्यात, ऑफिस सकाळी आठला सुरू करू. "कैसा आइडिया है?" तेरा जण बसलो होतो. दुबेजी म्हणाले, "बहुत बढ़िया, सर." बाजूचा म्हणाला, "एकदम सही, सर." त्याच्या बाजूचा नुसता "हव, हव" म्हणाला. माझ्यापर्यंत आलं तेव्हा माझीही मान हललेली होती. घरी सासूबाईंचं पथ्याचं जेवण, मुलाची शाळा, नवऱ्याची रेल्वेतली ड्यूटी, आठ वाजता मी काय पोचणार होते! तरी मान हलली.

बाबूजींनी उठून साहेबांना विनंती केली की एकदा कागदावर घेऊ. साहेब खुशीत होते, घ्या म्हणाले. चिठ्ठ्या गोळा झाल्या. तेरापैकी अकरा "नहीं."

 साहेबांनी चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि हसत हसत एकेक उचलू लागले. "ये तो दुबे का 'न' है. ये कुंदा मैडम हैं. ये बोरकर." आम्ही सगळे बाबू लोक! आयुष्यभर नोटशीटवर एकमेकांचं अक्षर वाचलेलं. सहीशिवाय कुणी काय लिहिलं हे आमच्यापैकी कुणीही ओळखलं असतं. गुप्त मतदान घ्यायला निघालेल्या बाबूजींच्या हे लक्षात आलं नव्हतं, आणि आमच्याही नाही. आधी आम्ही हसलो, मग कुणी हसेनासं झालं. दुबेजींना त्या महिन्यातच मागच्या गोदामात बसवलं, पावसाळाभर ते जुन्या रजिस्टरांच्या वासात बसले.

 तिसऱ्या दिवशी बाबूजींनी एक खोकं भोक पाडून आणलं. "हो" असेल तर आलपीन टाकायची, "नाही" असेल तर यू-क्लिप. आलपिनीला अक्षर नसतं. साहेबांची आठ वाजताची कल्पना त्या खोक्यातच मेली.

आता बोरकरचं सांगायला हवं. इथून पुढे हे सगळं गमतीचं राहत नाही.

राज्य विभागलं तेव्हा कर्मचारीही विभागले गेले. आम्हा प्रत्येकाच्या हातात एक विकल्पपत्र आलं: नव्या राज्यात राहायचं की जुन्या. एकदा लिहिलं की बदल नाही. कुणालाच काही कळत नव्हतं. कुणी म्हणे, भोपाळला पदोन्नती लवकर. कुणी म्हणे, नवं राज्य, इथेच जागा खाली. पत्रं भरायची मुदत जवळ येत होती आणि सगळं ऑफिस एकाच माणसाकडे पाहत होतं. बाबूजींनी आपलं पत्र खणात ठेवून कुलूप लावलं. विचारलं की म्हणत, "आपलं आपन ठरवा. माह्यं घर वेगळं, तुमचं घर वेगळं."

बोरकर आमच्यातला तिशी ओलांडलेला, सरळ स्वभावाचा माणूस. एक मुलगा, आणि पुरानी बस्तीत म्हातारे वडील. आई नव्हती. वडिलांना सगळे दादाजी म्हणत. ते रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर चार म्हाताऱ्यांत बसत, त्यांना तिथून हलवणं कुणालाच शक्य नव्हतं. बोरकर रायपूर भरणार हे उघड होतं.

एका दुपारी तो बाबूजींच्या टेबलाशी कागद घ्यायला गेला. टेबलावर बाबूजींनी मुलीच्या शाळेसाठी लिहिलेला टीसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज पडला होता. मीही तो पाहिला होता. मुलीची टीसी काढताहेत, म्हणजे बाबूजी भोपाळला चालले, मीही तेच समजले. मी गप्प राहिले कारण माझं पत्र मी आधीच नवऱ्याकडे पाहून भरलं होतं. त्याला रायपूर सोडायचं नव्हतं, म्हणून मला सोडायचं नव्हतं. बोरकरने मात्र संध्याकाळी भोपाळ लिहिलं. त्याच्याकडून ऐकून आणखी पाच जणांनी.

यादी लागली. बोरकर बाबूजींसमोर येऊन उभा राहिला. "बाबूजी, तुमचं नाव नाई भोपाळच्या यादीत?"

"मी रायपूरच भरलं व्हतं."

"मंग पोट्टीची टीसी?"

"ते कॉलेजात चालली नागपूरले. मावशीकडं."

बोरकर हसला. मला अजून आठवतं, तो खरंच हसला. "बरं," म्हणाला, आणि आपल्या टेबलाकडे गेला. महिन्याभरात तो बायको-मुलाला घेऊन भोपाळला गेला. दादाजी गेले नाहीत. जाणारच नव्हते.

यादी लागली त्या दिवशी सगळे घरी गेल्यावर बाबूजी उठेनात. मी पर्स घेऊन उभी होते. ते म्हणाले, "कुंदाताई, मले माहीत व्हतं."

"काय?"

"त्यानं तो अर्ज पाह्यला तवा मी त्याच्या तोंडाकडं पाहून राहिलो व्हतो. त्याचं ठरलं, ते मले दिसलं. तवाच."

"मंग बोल्ले काहून नाई?" माझा आवाज चढला असावा.

"म्हनलं, बोल्लो त माह्यं पाहून ठरवंल. त नाई बोल्लो." त्यांनी खणाला कुलूप लावलं. "आन तरी बी त्यानं माह्यंच पाहून ठरवलं."

मला त्यांचा राग आला. तत्त्व तत्त्व म्हणून माणूस किती आंधळा होतो! एका वाक्याचं काम होतं: पोट्टी नागपूरला चालली. ते मत नव्हतं, साधी माहिती होती. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "हव." बस, तेवढंच.

तेव्हापासून बाबूजींनी एकच काम हाती घेतलं: दादाजी आहेत तोवर बोरकरला परत आणायचं. रस्ता एकच होता, आपसी बदली. रायपूरकडचा त्याच दर्जाचा कुणीतरी भोपाळला जायला तयार झाला पाहिजे, मग दोघांची अदलाबदल. बाबूजींनी दुर्ग, बिलासपूर, जगदलपूर, सगळीकडे फोन केले, पत्रं टाकली. दर रविवारी ते पुरानी बस्तीत दादाजींकडे जाऊन बसत. दादाजी विचारत, "भेटला का कोनी?" बाबूजी म्हणत, "पाहून राहिलो." वर्षामागून वर्षं हाच संवाद. दादाजींना दिसायचं कमी झालं, मग चालायचं.

आणि मग भेटला. आमच्याच ऑफिसात नवा आलेला तिवारी. सागरकडचा, सासुरवाडी भोपाळची, दर्जा तोच. स्वतःहून म्हणाला, मी जातो. कागद तयार झाले. बाबूजींचं वय त्या आठवड्यात पाच वर्षांनी कमी झालं होतं. डब्यात आणलेले अनारसे त्यांनी सगळ्यांना वाटले. सही करायच्या दिवशी तिवारी पेन हातात घेऊन त्यांच्यासमोर बसला. बायकोला नुकतीच रायपूरच्या शाळेत नोकरी लागली होती, घरी दोन आठवडे धुसफूस चालली होती, हे आम्हाला ठाऊक होतं.

"बाबूजी," तिवारी म्हणाला, "आप बस एक बार कह दो कि मैं सही कर रहा हूँ."

मी आवकचं रजिस्टर बंद केलं. मनात म्हटलं, म्हणून टाका ना एकदाचं हव! एक शब्द. म्हातारा वाट पाहतोय.

 या वेळी बाबूजींनी खिडकीकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "तिवारी जी, मुझसे मत पूछिए. इसमें मेरा स्वार्थ है." आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोरकर, टीसीचा अर्ज, दादाजी, सगळं. शेवटी म्हणाले, "अब घर जाइए. मैडम के साथ बैठिए. मेरा मुँह देखके साइन मत कीजिए."

दोन दिवसांनी तिवारी आला. मान खाली. "नहीं जाएँगे, बाबूजी."

मी त्यांना त्या दिवशी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. एकदा न बोलून बोरकरला घालवलात, आता बोलून त्याची वाट बंद केलीत, तुमचं मत नक्की कधी उपयोगी पडणार आहे, असं काहीसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मले बी तसंच वाटून राहिलं," म्हणाले.

रविवारी ते दादाजींना सांगायला गेले. मीही सोबत गेले, एकट्यांना जाऊ द्यायची भीती वाटली. दादाजी खाटेवर होते. बाबूजींनी काही लपवलं नाही. माणूस हातात होता आणि मी जाऊ दिला, असंच सांगितलं. दादाजींनी एकच विचारलं, "त्या तिवारीले लेकरू हाय का?"

"एक पोट्टी हाय. लहान."

"मंग ठीक केलं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, बघा, म्हाताऱ्यानेच सुटका केली तुमची. बाबूजी चपला घालत होते. "त्यायनं माह्या आवाजावरून वळखलं, मले काय आयकाचं हाय ते," ते म्हणाले. त्या माणसाला कुणाची क्षमासुद्धा सरळ घेता येत नव्हती. मला त्यांची दया आली आणि कंटाळाही आला, दोन्ही एकदम.

पुढच्या उन्हाळ्यात दादाजी गेले. भोपाळची गाडी उशिरा आली, अग्नी पुतण्याने दिला. बोरकर पोचला तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. तेराव्याला तो बाबूजींच्या पाया पडला. म्हणाला, तुमी होते म्हनून दादाजी एकटे नव्हते. बाबूजी भिंतीला टेकले, आणि मग जेवणाच्या पंगतीत मला कुठे दिसले नाहीत. त्या वर्षीच ते निवृत्त झाले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. ऑफिस नवा रायपूरला हललं. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक पोचत नाही, आणि बस म्हणजे आली तर आली. माझ्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरले होते. एका दुपारी मी बाहेर पडले तर स्टॉपवर बाबूजी. पांढरे झालेले, कापडी पिशवी मांडीवर. मी जवळजवळ पळतच गेले.

"बाबूजी, तुमी इथं कसे?"

"बोरकरचा अर्ज वापस घ्याले आल्तो. झालं काम."

मला समजेना. निवृत्तीनंतरही ते आपसी बदलीचं बघतच होते, हे मला त्या दिवशी कळलं. दुर्गला एक जण मिळाला होता. सगळ्या अटींना तयार, घरच्यांनाही मंजूर. बाबूजींनी बोरकरला फोन केला. बोरकर म्हणाला, बाबूजी, दादाजी नाहीत, लेकरू इथलंच झालं, घर बांधलं इथं. पण हेही म्हणाला की संध्याकाळ झाली की पुरानी बस्ती डोळ्यासमोर येते.

"मी म्हनलं, तू ठरव. आठ दिवस घे. बायकोले इचार, लेकराले इचार, मले नको."

"मंग?"

"नवव्या दिवशी फोन आला. म्हने, बाबूजी, तुमीच सांगा. तुमी म्हनान ते."

बाबूजींनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. ऊन चांगलंच होतं आणि स्टॉपवर आम्ही दोघंच होतो.

"मी थकलो, कुंदाताई. म्हनलं, राहा तिथंच."

"मंग तो काय बोल्ला?"

"रडला. बरं बाबूजी म्हनला आन रडला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुटलो म्हनून रडला, का मी वाट बंद केली म्हनून, मले नाई समजलं. इचाराची हिंमत नाई झाली."

बस आली. त्यांना चढायला वेळ लागला, मी कोपराला हात दिला. पायरीवर ते थांबले आणि वळले. तोंड लपवायचा काही प्रयत्न नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, हे लहान मुलालाही दिसलं असतं. आणि मी विचार करत बसले. बोरकरसाठी खरंच काय बरं होतं, आपल्याला काय माहीत, उगीच त्यांचं तोंड बघून कसं म्हणायचं. त्यांच्यासारखाच विचार, त्यांच्याच पद्धतीने. कंडक्टर "चलो, चलो, बाबा" म्हणाला. ते आत सरकले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं.

बाबूजी, बरोबर केलं तुमी. एवढंच म्हणायचं होतं. खरं असो नसो, म्हणायला हवं होतं.